कपिला मागं जात नाही

"जया, मान वळवून मागं काय बघतीस? पुढं बघ. ही गाडी मागं घ्यायची न्हाय. कधीच न्हाय. आणि आणखी एक. आमच्या अंबूला एकदा हिच्यातनं म्हायेरला आण."

जांबोटीच्या भात कापलेल्या शेतात, सुनेला गाडी शिकवताना आप्पा हे बोलले, त्याला एकतीस वर्षं झाली. आप्पा जाऊनही पंधरा वर्षं उलटली. पण जयाबाईंनी किल्ली फिरवली की आधी आप्पांचा आवाज सुरू व्हायचा आणि मग इंजिन. इंजिन कधी कधी व्हायचं नाही. आवाज मात्र एकदाही चुकला नाही.

जयाबाई नेमाच्या बाई. पहाटे आंघोळ झाल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही, तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतः घोट घ्यायचा नाही, रोज एकशे आठ वेळा नाव घ्यायचं, सोमवारी एकदाच जेवायचं, चातुर्मासात वांगं आणि कांदालसूण बंद. या यादीच्या तळाशी त्यांनी त्याच दिवशी आणखी एक ओळ घातली: गाडी मागं न घेणे. का, ते विचारलं नाही. नेमाला कारण विचारायचं नसतं. विचारलं की त्याचा नियम होतो, आणि नियम मोडायला माणूस मोकळा होतो.

गाडीचं नाव कपिला. आप्पांनीच ठेवलेलं, कारण ती गाईसारखी तांबूस होती आणि गाईसारखीच मनात आलं तर उठायची. जन्म चोपन्न सालचा. तिचे पहिले कागद मुंबई राज्याचे, मग म्हैसूरचे, मग कर्नाटकाचे. खानापूर तालुक्यातल्या गोठ्यात उभ्या उभ्या तिनं तीन राज्यं पाहिली. एवढा प्रवास बसवंतरावांनी, म्हणजे जयाबाईंच्या यजमानांनी, उभ्या नोकरीत केला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, गाडी मागं न घेता माणूस शहरात राहतो कसा? राहतो. सगळं घर त्याप्रमाणे बांधून घ्यावं लागतं, एवढंच. टिळकवाडीतल्या जयाबाईंच्या बंगल्याला दोन फाटकं होती. पुढच्या फाटकातनं कपिला आत यायची आणि मागच्या फाटकातनं बाहेर पडायची. त्यासाठी बसवंतरावांनी मागची भिंत फोडली, पेरूचं झाड तोडलं आणि शेजारच्या नागेंद्र हलगेकरांशी बोलणं सोडलं, कारण मागचा रस्ता हलगेकरांच्या मते हलगेकरांचा होता.

भाजी आणायला निघालेल्या जयाबाईंना मंडईजवळ वळायला जागा मिळाली नाही, तर त्या सरळ पुढं जायच्या. एकदा अशा जात जात सांबऱ्याला पोचल्या आणि विमानतळासमोर वळसा घालून परत आल्या. कोथिंबीर राहिलीच. रक्षाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, एक चांगलं इंजिनिअर स्थळ सांगून आलं होतं. मुलगा निर्व्यसनी, घर स्वतःचं. पण घर बोळाच्या शेवटाला. जयाबाई हळूच म्हणाल्या, "जाऊ एकदा, पण परत कशी येणार?" रक्षाचं सासर आता चौकात आहे.

हे सगळं घरातल्या घरात चाललं होतं तोवर ठीक होतं. पण गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आदर्श मुचंडीकर घरी आले. गळ्याला रुमाल, डोक्यावर टोपी आणि हातात भिंग. त्यांनी कपिलेच्या चाकापाशी गुडघे टेकले आणि म्हणाले, "वहिनी, ही गाडी नाही. हा ठेवा आहे." जयाबाईंना त्या माणसाची भक्ती आवडली. देवळात इतकं वाकून नमस्कार करणारी माणसं आता राहिली नव्हती.

अशा रीतीनं जयाबाई मंडळात गेल्या. तिथं दहा वाहनं आणि दहा पुरुष. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहायचे आणि मुलाच्या मार्कांबद्दल बोलावं तशा आवाजात कार्बोरेटरबद्दल बोलायचे. कुणाचा पार्ट कोल्हापूरच्या भंगारात सापडला की पेढे वाटायचे. वडगावचा गुंडू मागाचा धंदा सांभाळून साइडकारवाली मोटरसायकल चालवायचा. साइडकारमध्ये माणसाऐवजी साड्यांचा गठ्ठा असायचा. "बायकू बसली तर सूचना करती. साड्या गप्प बसत्यात," असं तो उघड सांगायचा. जयाबाईंना पहिल्या सभेत नाश्त्याच्या समितीत घातलं गेलं. त्यांनी थालीपिठं केली. दुसऱ्या सभेलाही केली. पण तिसऱ्या सभेत मुचंडीकरांच्या गाडीचा पंख्याचा पट्टा तुटला, तेव्हा जयाबाईंनी पिशवीतून तो काढून दिला. थालीपिठांच्या डब्याखाली त्या नेहमी एक जादा पट्टा ठेवायच्या. त्यानंतर त्यांना खुर्ची मिळाली.

तर असा सगळा आनंद चालला असताना कपिलेच्या कागदांची मुदत संपत आली.

बसवंतरावांनी आधीच जाहीर केलं होतं, "कागद झाले तर ठेवू. न्हाय झाले तर गोव्याचा तो हॉटेलवाला मागतोय, त्याला देऊन टाकू. त्याला चालती गाडी नकोच हाय. तो बॉनेट उघडून आत जास्वंद लावणार हाय."

जास्वंद जयाबाई रोज गणपतीला वाहायच्या, जास्वंदीवर राग नव्हता. पण आप्पांची दुसरी गोष्ट अजून राहिली होती. अंबूला, म्हणजे आप्पांच्या धाकट्या बहिणीला, निपाणीहून कपिलेतून जांबोटीला आणायचं होतं. आप्पांनी जाताना पुन्हा तेच सांगितलं होतं आणि जयाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. पण अंबुबाई, सगळ्यांच्या आक्का, काही केल्या कपिलेत बसायला तयार नव्हत्या. "एसटीनं येते गं. त्या गाडीचं नाव काढू नगंस," एवढंच. आता आक्का ऐंशीच्या घरात. गुडघ्यांमुळं एसटीची पायरी चढवत नव्हती, म्हणून पाच वर्षांत माहेर दिसलं नव्हतं. आणि कपिलेत जास्वंद लागली की सगळंच संपलं.

तपासणीच्या दिवशी जयाबाई आरटीओत उपाशी गेल्या. वैशाखातलं ऊन, मैदान तापलेलं. साहेब कन्नड बोलणारे, कपाळाला भंडारा आणि पाय अनवाणी. यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन येईपर्यंत चप्पल घालायची नाही, असा त्यांचा नेम होता. ते गाडी तपासत होते की तापल्या जमिनीवर नाचत होते, हे लांबून कळत नव्हतं. जयाबाईंनी गाडीतलं फडकं ओलं करून त्यांच्या पायाखाली टाकलं. साहेब त्यावर उभे राहिले आणि पहिल्यांदाच हसले.

दिवे झाले, ब्रेक झाला, भोंगा झाला. भोंग्याला कारकून दचकून खुर्चीवरून उठला, म्हणजे तो पासच झाला. मग साहेब म्हणाले, "अम्मा, इन्न रिव्हर्स तगोरी."

जयाबाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"साहेब, मागं घेता येणार नाही."

"गिअर खराब?"

"माहीत नाही. एकतीस वर्षांत बघितला नाही. माझा नेम आहे."

साहेबांनी फॉर्म खाली केला. नेमाचा माणूस नेमाच्या माणसाला ओळखतो. त्यांनी थट्टा केली नाही, आवाज चढवला नाही. एकदा आपल्या अनवाणी पायांकडं बघितलं. मग हताश होऊन म्हणाले, "अम्मा, तुमचा नेम बरोबर. पण ह्या फॉर्मला नेम नाही. इथं एक चौकोन आहे, त्यात खूण पाहिजे. महिनाअखेरीपर्यंत मी स्वतः डोळ्यानं बघितलं पाहिजे, ही गाडी मागं गेली."

ही बातमी जयाबाई घरी पोचायच्या आत टिळकवाडीत पोचली, कारण बसवंतरावांनी ती फोनवरून हलगेकरांना सांगितली. अबोला त्या दिवशी सुटला. सल्ला द्यायला मिळत असेल तर हलगेकर शत्रूच्याही घरी चहा घेत.

"आधी एक ठरवा," हलगेकर बशीत चहा ओतत म्हणाले. ते शिक्षण खात्यातून निवृत्त झाले होते आणि प्रत्येक गोष्टीला पोटकलमं पाडायचे. "नेम बाईंचा का गाडीचा? बाईंचा असेल, तर दुसऱ्यानं घ्यावी मागं. गाडीचा असेल, तर कुणीच घेऊ नये."

"आप्पा म्हणाले, ही गाडी मागं घ्यायची नाही," जयाबाई म्हणाल्या.

"म्हणजे गाडीचा. मग अवघड हाय."

गुंडूला ते अवघड वाटलं नाही. "त्यात काय हाय, वहिनी? गाडी जागेवर ठिवायची. सायबाला म्हणायचं, तुमी पुढं पुढं चाला. मागनं बघितलं की गाडी मागं गेल्यागत वाटतंय बघा."

"साहेब अनवाणी आहेत," जयाबाईंना साहेबांची काळजी वाटली.

शेवटी बसवंतरावांनी डोकं चालवलं. घरापुढं उतार होता. गाडी चढाकडं तोंड करून लावायची, ब्रेक सोडायचा. गाडी आपोआप मागं घसरेल. "तू घेतलीच न्हाईस. ती गेली. नेम तुझा, उतार देवाचा." जयाबाईंना हे पटलं नाही, पण नवऱ्याला सरळ नाही म्हणायचं नाही, हाही यादीतलाच नेम होता. म्हणून त्या गाडीत बसल्या, डोळे मिटले आणि कपिलेला मनात म्हणाल्या, "बाई गं, आता तूच बघ."

कपिलेनं बघितलं. ब्रेक सोडला तरी ती तसूभर हलली नाही. मुचंडीकर, गुंडू आणि हलगेकर तिघांनी पुढून रेटा दिला. बॉनेटवरची पितळी मूठ मुचंडीकरांच्या हातात आली. ते तिथंच बसले, जणू त्यांचाच दात पडला होता. गुंडूनं आणखी जोर लावला आणि त्या धक्क्यानं जयाबाईंचा हात भोंग्यावर आदळला. भोंगा सुरू झाला आणि थांबेना. अडकला. एरवी जयाबाई इतक्या हळू बोलायच्या की दूधवाला दोनदा विचारायचा. आता त्या गाडीत हात जोडून बसल्या होत्या आणि त्यांच्या नावानं कपिला अख्ख्या टिळकवाडीला हाका मारत होती. माणसं गच्च्यांवर आली. कुणीतरी बंब बोलावला. एका बाईला देवाची पालखी आली असं वाटलं, तिनं आरतीचं ताट आणलं. मुचंडीकरांनी वायर उपटली तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती, आणि कपिला होती तिथंच होती.

"आता देवालाच विचारते," जयाबाई म्हणाल्या. तो आवाज ऐकून बसवंतराव एसटीची वेळ बघायला उठले. बायको हळू बोलते म्हणजे मऊ बोलते असं नाही, हे ते चाळीस वर्षांत शिकले होते.

सोमवारी त्या एसटीनं जांबोटीला गेल्या आणि रवळनाथाला कौल लावला. रवळू गुरवानं देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर गाडी मागं घ्यावी, डावी पडली तर घेऊ नये. सकाळी नऊला लावलेल्या पाकळ्या दुपारी एकपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. एरवी तासाभरात निकाल देणारा देव, यावेळी न्यूट्रलला राहिला.

रवळू घाम पुसत म्हणाला, "देव काय बोलत न्हाय, वहिनी. ह्यो नेम तुमचा न्हवंच. आप्पा हितंच हुबारून बोललेत ते, आमच्या बासमोर. बा तर गेला. पर त्यो सांगायचा, अंबुबाईवरनं काय तरी झालतं. निपाणीला जावा. त्यास्नीच इचारा."

जयाबाई परतीच्या एसटीत शेवटच्या सीटवर बसल्या आणि जांबोटीपासून बेळगावपर्यंत त्यांना एकही वळण कळलं नाही. म्हणजे गाडी मागं न घेणं आणि अंबूला आणणं, आप्पांच्या दोन्ही गोष्टी एकच होत्या? आणि महिनाअखेरीला आठ दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात मंडळाची सहलीसाठी जादा सभा होती. रविवारची सहल आंबोलीला काढायचं ठरत होतं. "निपाणीला जाऊ या," जयाबाई म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाल्या. मुचंडीकर आंबोलीच्या भज्यांबद्दल बोलत राहिले. तेव्हा जयाबाई उठल्या, बाहेर गेल्या, कपिलेत बसल्या आणि भोंगा दाबला. एकदाच. परत आत आल्या तेव्हा सभागृह चिडीचूप होतं.

"निपाणीला," त्या म्हणाल्या.

"निपाणीला!" दहा जण म्हणाले. गुंडूनं तर टाळी वाजवली.

सहलीला पाहुणे म्हणून मुचंडीकरांनी तपासणीच्या साहेबांना बोलावलं होतं. त्या दिवसापासून साहेबांचं जुन्या गाड्यांवर मन बसलं होतं. ते सुट्टीच्या दिवशी, साध्या शर्टात, अनवाणी, मुचंडीकरांच्या गाडीत पुढं बसले.

आणि काय सकाळ होती ती! अकरा वाहनं ओळीनं महामार्गावर निघाली. मंडळाचा रिवाज असा की सगळ्यात जुनी गाडी सगळ्यांच्या पुढं, आणि कुणी ओळ मोडायची नाही. म्हणजे कपिला पुढं. संकेश्वरला ट्रकवाल्यांनी हात हलवले. एका लग्नाच्या बसमधली अख्खी वरात खिडकीतनं बाहेर आली. तवंदी घाटात कपिला तापेल म्हणून सगळ्यांनी श्वास रोखला होता, पण ती नाव घेत घेत चढली. नाव जयाबाई घेत होत्या, पण चढली कपिलाच. शेजारी बसवंतराव इतके खूश झाले की त्यांनी गोव्याच्या हॉटेलवाल्याचा फोन दोनदा कट केला.

निपाणीत शिरण्याआधी जयाबाईंनी आक्कांच्या नातवाला, साईराजला, फोन करून खात्री करून घेतली होती. बोळ दोन्ही बाजूंनी मोकळा आहे ना? "व्हय मामी, एकदम मोकळा." तो काल रात्री खरंच मोकळा होता. आज सकाळी त्याच्या पलीकडच्या टोकाला लग्नाचा मांडव पडला होता.

जयाबाईंना तो दिसला तेव्हा कपिला आक्कांच्या दारापर्यंत आली होती, आणि तिच्या मागं, ओळ न मोडता, बाकीची दहा वाहनं. पुढं मांडव, डावीकडं तंबाखूची वखार, उजवीकडं घरांचे ओटे. कपिलेची लांबी बोळाच्या रुंदीपेक्षा दोन हात जास्त. वळायचा प्रश्नच नव्हता.

"मागं घ्या, मागं घ्या!" मुचंडीकरांनी टोपी काढून हलवली. शेवटून सुरुवात झाली. गुंडू साड्यांसकट मागं गेला. मग एक एक गाडी आपापल्या चालीनं मागं जाऊ लागली. जाताना प्रत्येक जण जयाबाईंकडं असं बघत होता, जसं दवाखान्यात दुसऱ्याच्या पेशंटकडं बघतात. एकतीस वर्षं जे झालं नव्हतं ते आज दहा गाड्यांच्या साक्षीनं झालं होतं. जयाबाई बोळात सापडल्या होत्या. वखारीतल्या बायका तंबाखू निवडायची सोडून दारात आल्या.

"गाडी बंद पडली काय गं?"

"न्हाय गं, बाई मागं घेत न्हाय म्हणं."

"माझा नवरा बी घेत न्हाय, त्याला कोण बघायला येत न्हाय!"

मांडवातले आठ हमाल उचलायला तयार होते. बसवंतराव उतरून त्यांना कुठं धरायचं ते दाखवू लागले. तेवढ्यात ओट्यावरून काठीचा आवाज आला.

आक्का बाहेर आल्या होत्या. नऊवारी, कपाळावर कुंकवाची रिकामी जागा, आणि नजर अशी की हमालांनी बंपर सोडून दिलं.

"कुणी आणली ही गाडी माझ्या दारात?"

जयाबाई उतरल्या, वाकून पाया पडल्या. "मी आणली, आक्का. एक विचारायला. आप्पा ही मागं का घेत नव्हते?"

आक्का आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांब्याची एक मोठी चपटी थाळी होती. "पाण्याच्या पिंपावर झाकण घालते हे, साठ वर्षं. ह्यो माझा हंडा."

"हंडा?"

"माझ्या रुखवतातला. सासरी जाताना दादानं मला ह्याच गाडीत बसवलं. थाटात. आणि निघताना गाडी मागं घेतली. हंडा मागं ठेवलेला, अंगणात. सगळं सासर बघत हुतं." आक्कांनी थाळीवरची चाकाची खूण दाखवली. "सासू मला दहा वर्षं चपट्या हंड्याची म्हणायची. मी दादाला सांगितलं, तुझ्या गाडीत पुन्हा पाय ठेवणार न्हाय. त्यो म्हणाला, तू बसेपर्यंत मी बी गाडी मागं घेणार न्हाय. रवळनाथाची शपथ. म्हटलं, बोलतोय झालं. पुरुषमाणसाचं बोलणं. चार दिवसात इसरंल."

"विसरले नाहीत, आक्का."

"कशावरनं? हितं आला की गाडी लांब स्टँडपाशी लावायचा. मला वाटायचं, बहिणीच्या दारात आणायची लाज वाटती."

जयाबाईंनी बोळाकडं हात केला. "आत आली असती तर परत कशी गेली असती?"

आक्कांनी बोळाची रुंदी डोळ्यांनी मोजली. मग जयाबाईंनी हळू आवाजात सगळं सांगितलं. आप्पांनी शेवटपर्यंत मागं घेतली नाही. मग मीही नाही. दोन फाटकं, पेरूचं झाड, सांबऱ्याचा विमानतळ, राहिलेली कोथिंबीर. रक्षाचं इंजिनिअर स्थळ ऐकल्यावर आक्का हसायला लागल्या. हसता हसता ओट्यावर बसल्या. पदर तोंडाला लावला. तो किती वेळ हसण्यासाठी होता आणि केव्हापासून रडण्यासाठी, हे कुणाला कळलं नाही.

"येडा माझा दादा," आक्का शेवटी म्हणाल्या. "एकदा म्हणायचं तरी, अंबू, बस. आपल्या तोंडानं कधी म्हणाला न्हाय. मी वाट बघत हुते गं."

"मी म्हणते, आक्का. त्यांनी मलाच सांगितलं होतं म्हणायला. बसा. जांबोटीला जाऊ."

आक्कांनी काठी नातवाच्या हातात दिली. "साईराज, पिंपावर दुसरं काय तरी झाक." चपटा हंडा छातीशी धरून त्या कपिलेच्या मागच्या सीटवर बसल्या. दार लावलं गेलं. साठ वर्षांचा राग सीटवर एवढासा मावला.

बसवंतराव पुढं येऊन बसले. बोळाच्या तोंडाशी सगळं मंडळ उभं होतं. मुचंडीकरांनी टोपी उंच धरली, गुंडू "येऊ दे, येऊ दे!" म्हणून आधीच ओरडत होता, आणि त्यांच्या पुढं, तापलेल्या फरशीवर, साहेब अनवाणी उभे होते. आज ते नाचत नव्हते. डोळे रोखून कपिलेच्या मागच्या चाकाकडं बघत होते.

"ए, गप बसा सगळी," आक्कांनी काच खाली करून सांगितलं. सगळी गप्प बसली. मग त्या वळून मागच्या काचेतून बघू लागल्या. "जया, मी मागं बघते. तू घे. हळू. आता हितं माझा हंडा न्हाय."

जयाबाईंनी हात जोडले. आप्पांच्या आवाजाची वाट पाहिली. तो आज आला नाही. मग त्यांनी कधीच न ओढलेला गिअर ओढला. तो सहज पडला, जणू रोजचाच होता.

"ये," आक्का पुटपुटल्या. "ये. ये…"

आणि कपिला, पाठ पुढं करून, जांबोटीच्या वाटेला लागली.